रोजची भाकर आणि ग्रीक कोश

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ बोलायला लागल्यापासून म्हणत आलेय. आमच्या चर्चच्या बुधवारच्या बायबल अभ्यासात तीच ओळ, मत्तय 6:11, माझ्या वाट्याला आली तेव्हा वाटलं, अर्ध्या तासाचं काम. ‘रोजची’साठी मूळ ग्रीक शब्द निघाला एपिऊसिओस, आणि तीन आठवडे गेले.

आधी मोबाइलवर स्ट्राँग. बायबलमधल्या शब्दांची 1890 ची सूची, अर्थांसकट, फुकट. तिथं लिहिलेलं: ‘उद्याची’, पण बहुधा ‘निर्वाहापुरती’, शेवटी ‘रोजची’. यातलं घ्यायचं कुठलं? थेअरचा ग्रीक कोशही फुकट, नोंद ऐसपैस. पण तो 1880 च्या दशकातला. इजिप्तच्या पपायरसांमुळे, म्हणजे तिथल्या लव्हाळ्याच्या कागदांवरच्या जुन्या लिखाणांमुळे, सामान्य माणसांचं ग्रीक उलगडायला लागलं ते बहुतेक त्यानंतर.

मग लिडेल-स्कॉट-जोन्स. हा होमरपासूनच्या ग्रीकचा कोश, म्हणून उघडायचा कंटाळा केला होता. आणि तिथंच एका पपायरसचा दाखला! म्हणजे बायबलबाहेरही हा शब्द कुणीतरी वापरलेला, तोही खर्चाच्या यादीत, वाण्याच्या वहीसारखा. रंकाळ्यावर फिरतानाही डोक्यात तीच यादी. नंतर कळलं, तो पपायरस मधे हरवला होता. येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडल्यावर पुन्हा वाचला, तर अक्षरं निघाली ‘एलाइऊ’, म्हणजे तेल. आपला शब्द तिथं नव्हताच. हे छापून आलं 1999 मध्ये. माझ्यासमोरची आवृत्ती 1940 ची. कोशाचं साल आधी बघायचं, हे तेव्हापासून अंगवळणी पडलं.

बाउअर-डँकर या नव्या कराराच्या ग्रीक कोशाच्या 2000 च्या आवृत्तीची किंमत बघून हात आखडला. शाहूपुरीतल्या एका पाळकसाहेबांकडे प्रत होती, तिथं दुपारभर बसले. ‘जगण्याला लागणारी’, ‘आजच्या दिवसाची’, ‘उद्याची’, सगळे पर्याय कारणांसकट मांडलेले. हाच कोश पटला. घरी मात्र 1922 चा अ‍ॅबट-स्मिथ वापरते. छोटा आहे, शिवाय हिब्रू प्रतिशब्दही देतो.

बुधवारी एका मावशींनी विचारलंच, “मग बाई, आजची मागायची का उद्याची?”

मी प्रेषितांची कृत्ये 16:11 काढलं. तिथं ‘एपिऊसा’ म्हणजे दुसरा दिवस. काही जण आपला शब्द त्यावरूनच लावतात, असं सांगितलं.

“असं व्हय,” मावशी म्हणाल्या, “आदल्या रात्रीच पीठ दळून ठेवल्यागत.”