पुरात भिजलेल्या निगेटिव्ह वाचवताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरू लागले, तेव्हा आमच्या स्टुडिओतून मी आधी काय बाहेर काढले हे सांगताना मला आजही अवघडल्यासारखे होते. दोन कॅमेरे, चार लेन्स, फ्लॅश, संगणक आणि हार्ड डिस्कची पिशवी ही सगळी माझी सामग्री, त्यातली निम्मी हप्त्यांवर घेतलेली, मी विश्रामबागेत बहिणीच्या घरी नेऊन ठेवली. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह मात्र मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातच राहिल्या. २००५ च्या महापुरानंतर अण्णांनी पाणी जिथवर चढले होते तिथे भिंतीवर रेघ मारली होती आणि त्या रेघेच्या दीड फूट वर ओटा बांधून कपाट त्यावर चढवले होते. रेघेच्या वर ते सुरक्षित, असे आम्ही चौदा वर्षे मानत आलो. या वेळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे, पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले.

पाणी ओसरायला जवळजवळ आठवडा लागला. खोली उघडली तेव्हा गाळाचा आणि कुजल्याचा वास अंगावर आला. पाकिटांचे गठ्ठे ओल्या विटांसारखे घट्ट झाले होते. ते गच्चीवर उन्हात पसरावेत असे माझ्या मनात आले आणि तसे मी अण्णांना फोनवर सांगितलेही. तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे अण्णा, जे पूर आल्यापासून फारसे बोलत नव्हते, एकदम ओरडले, "वाळू देऊ नकोस! आहेत तशा ओल्याच आण, बादलीत पाण्यात घालून आण."

डिजिटलवर पोसलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे उलटे वाटले, पण त्यामागे साधे कारण होते. कृष्णधवल फिल्मवरचे चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असलेल्या चांदीच्या कणांचे असते. पाण्यात तो थर फुगून मऊ होतो, आणि तसाच पाकिटाला चिकटून वाळला की कागद आणि चित्र पुन्हा वेगळे करता येत नाहीत. ओले आहे तोवर थोडी तरी आशा असते.

अडचण स्वच्छ पाण्याची होती. पुरातून निघालेल्या गावात प्यायलाच टँकरचे पाणी येत होते, त्यामुळे निगेटिव्ह धुण्यासाठी वीस लिटरचे जार विकत घेताना मला शरम वाटली. गार पाण्यात जिलेटिन टिकते म्हणून मिरजेहून बर्फाची लादी आणली. अण्णांच्या सांगण्यावरून पहिल्या टबात थोडी तुरटी विरघळवली, कारण उन्हाळ्यात फिल्मचा थर सुटू नये म्हणून ते हायपोत, म्हणजे फिल्मवरचे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, तुरटी घालत असत. बहिणीच्या माडीवर चार टब मांडून आम्ही बसलो. मी पाकिटे सोडवायची, बायकोने धुवायचे आणि मुलीने कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी टांगायचे, अशी वाटणी होती. पंखा बंद आणि खिडक्यांना चादरी, कारण ऊन आणि धूळ दोन्ही नको होते.

पाकिटाचा बटर पेपर पाण्याखालीच, बोटाच्या टोकाने, कोपऱ्यापासून सोडवावा लागतो. पहिल्या दिवशी मी घाई केली. एका नवरदेवाच्या निगेटिव्हवरून कागद ओढला आणि दुधावरची साय निघावी तसे चित्र कागदाबरोबर निघाले. मुंडावळ्यांसकट चेहरा क्षणभर पाण्यात तरंगला आणि मग विरघळला. त्यानंतर माझा हात आपोआप सावकाश झाला. नऊ दिवसांत आम्ही सुमारे तीन हजार निगेटिव्ह हाताळल्या. त्यांतल्या अकराशेच्या आसपास चांगल्या निघाल्या, काही शे अर्ध्यामुर्ध्या राहिल्या आणि बाकीच्या गेल्या. ग्राहकांची नावे आणि क्रमांक लिहिलेल्या वह्याही गेल्या, कारण त्यांची शाई पाण्यात पसरून पाने नुसती निळी झाली होती.

पुढचे काम हिवाळ्यात केले. स्कॅनरऐवजी मी स्टँडवर कॅमेरा आडवा बांधला, खाली लाइट पॅड, म्हणजे खालून उजेड देणारी सपाट पाटी, ठेवला आणि मॅक्रो लेन्सने एकेक निगेटिव्ह टिपून संगणकावर उलटी करून घेतली. लग्नसराईत एका दिवसाला तीन हजार फ्रेम काढणाऱ्या मला एका लग्नाच्या दोनच फिल्म, म्हणजे जेमतेम चोवीस चित्रे, पाहताना आधी गंमत वाटली आणि मग थोडी असूया. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्मही नेहमी हाताशी असायची असे नाही, असे अण्णा सांगत. त्यामुळे बटण दाबण्याआधीच निवड झालेली असे. मी ती निवड रात्री संगणकासमोर, डोळे चुरचुरेपर्यंत करतो.

पण खरी गोष्ट ध्यानात आली ती चेहरे मोठे करून पाहताना. स्टुडिओतली व्यक्तिचित्रे अण्णा हाफ प्लेटवर, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या फिल्मवर काढत आणि निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने रिटचिंग करत. चेहऱ्यावरचा खड्डा निगेटिव्हमध्ये फिका असतो. तिथे शिसाचे बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये तो उजळून नाहीसा होतो. वरच्या कोरड्या कप्प्यातल्या निगेटिव्ह तिरप्या उजेडात धरल्या की ते ठिपके अजून दिसतात, आणि आजच्या सॉफ्टवेअरने गुळगुळीत केलेल्या गालांपेक्षा मला ते काम कितीतरी सरस वाटते, कारण त्यात कातडी कातडीच राहते. भिजलेल्या निगेटिव्हवरची पेन्सिल मात्र आठवडाभराच्या पाण्याने आणि आमच्या धुण्याने निघून गेली होती. ज्या मुली लग्न जमवण्यासाठीचा फोटो काढायला आल्या होत्या, त्यांचे देवीचे वण इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच चित्रात उमटत होते.

पुरात घराघरांतल्या भिंतींवरचे फोटो गेले होते, म्हणून लोक चौकशीला येऊ लागले. भिलवडीकडच्या एक बाई आईचा फोटो शोधत आल्या. नावांची वही नव्हती, त्यामुळे त्या दोन दुपारी संगणकासमोर बसून चेहरे पाहत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास एकदम म्हणाल्या, "थांबा." चित्राच्या खालच्या कडेला गाळाचा डाग होता आणि दोन्ही गालांवर वण स्पष्ट दिसत होते. घरातल्या फोटोत ते नव्हते. हवे असल्यास मी ते काढून देतो, असे मी म्हणालो. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नको. मला आई अशीच आठवते."

प्रिंट अण्णांना दाखवली. त्यांनी भिंग लावून गाल पाहिले, आपली पेन्सिल गेल्याबद्दल एक शब्दही काढला नाही आणि म्हणाले, "फोकस डोळ्यांवर आहे."

जुनी चौकट पुरातून वाचली होती. पण काचेची चौकट एसटीतून आणायची कशी, म्हणून बाईंनी मापाचे दोन दोरे आणले होते, लांबीचा पांढरा आणि रुंदीचा लाल. पांढरा साडेअकरा इंच भरला, लाल साडेनऊ. त्या मापाचा कागद येत नाही. मी बारा बाय दहाची प्रिंट काढली, दोरे तिच्या कडांना लावून पेन्सिलीने खुणा केल्या आणि जादा कागद वरून आणि बाजूने कापला, म्हणजे खालचा डाग तसाच राहिला.