नोटीस दारात आली तेव्हा

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही आशा सेविका बेमुदत संपावर गेलो. नोव्हेंबरात मानधनात ७ हजारांची वाढ जाहीर झाली होती, पण जीआर (शासन निर्णय) निघत नव्हता. जिल्हा परिषदेवर मोर्चा ठरला, आणि आदल्या रात्री नऊला बीट हवालदार दारात. हातात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची नोटीस (नवीन कायद्यात, म्हणजे बीएनएसएसमध्ये, हेच कलम १६८). 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल व सदर नोटीस पुरावा म्हणून वापरण्यात येईल.' सासूबाई म्हणाल्या, जाऊ नको.

संघटनेच्या ताईंना फोन लावला. "अगं, ही अटक नाही, समज आहे. वाचून सही कर आणि प्रत मागून घे." मी सहीखाली लिहिलं: 'मोर्चाची लेखी सूचना पोलीस ठाण्यात दिलेली आहे. आंदोलन शांततेत करू.'

दुसऱ्या दिवशी गेटसमोर बसलो, तर लाउडस्पीकरवर जमावबंदी सांगितली. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७. पाच जण जमले तरी गुन्हा. आमच्याकडे सण, जयंती, परीक्षा, काहीतरी कारण असतंच. पंधरा दिवस संपले की नवा आदेश. मग मोर्चा काढायचा तरी कधी?

महिला पोलिसांनी हाताला धरून गाडीत बसवलं. एका हॉलमध्ये नेऊन नावं, पत्ते, मोबाईल नंबर लिहून घेतले. संडासाला कुलूप होतं. आमच्यात एक सहा महिन्यांची गरोदर होती, तिच्यासाठी भांडल्यावर ते उघडलं. त्याचा राग आजही आहे. दारावरची पोरसवदा शिपाई हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही संप तरी करता. आम्हाला संघटनाही काढता येत नाही." तिच्यावर मला रागावता आलं नाही.

दिवस मावळायच्या आत सोडलं. कागदावर त्याच पोलीस कायद्याच्या कलम ६८ खाली ताब्यात, ६९ खाली सुटका. मला वाटलं, संपलं.

मार्चमध्ये ५ हजारांची वाढ मंजूर झाली. आणि दिवाळीनंतर कोर्टाचं समन्स आलं, त्याच कायद्याचं कलम १३५, म्हणजे जमावबंदी मोडल्याचा गुन्हा. बाहेर जो तो सांगत होता, कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा. वकिलांनी थांबवलं. कबुली दिली की दोषी म्हणून नोंद होते, पुढे चारित्र्य पडताळणीत तीच विचारतात. आम्ही कुणीच कबूल केलं नाही. त्या रात्रीची नोटीसची प्रत आणि मोर्चाच्या सूचनेची पोच आता वकिलांच्या फाईलला लावली आहे.

पुढची तारीख लसीकरणाच्या दिवशीच आली आहे. शेजारच्या गावची आशा माझं सत्र बघणार आहे.