बोडन्झेकाठचे पेटर लेंकचे चावट पुतळे : फेरफटका आणि थोडं मार्गदर्शन

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, स्वित्झर्लंडला खेटून असलेल्या कॉन्स्टान्झ गावाच्या बंदरात एक बाई उभी आहे. उंची नऊ मीटर, वजन अठरा टन, वस्त्रं नावापुरती, डोक्यावर विदूषकाची टोपी. दोन्ही हात वर उचललेले आणि प्रत्येक तळहातावर एकेक नागडा, खुरटलेला म्हातारा. एकाच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर पोपचा. बाई स्वतःभोवती सावकाश फिरत राहते. एका फेरीला साधारण चार मिनिटं लागतात, त्यामुळे पाठ दिसली म्हणून जागा बदलायची गरज नाही. थांबा, ती वळते.

हिचं नाव इम्पेरिया. घडवणारा पेटर लेंक, जन्म १९४७, न्यूरेंबर्ग. शिक्षण स्टुटगार्टच्या कला अकादमीत आणि मुक्काम गेली अनेक वर्षं याच तळ्याकाठच्या बोडमान गावात. तळ्याला जर्मन लोक बोडन्झे म्हणतात, आपल्या नकाशात ते लेक कॉन्स्टन्स असतं. लेंकची बरीच नावाजलेली कामं या तळ्याच्या वायव्येकडच्या फाट्याभोवती विखुरलेली आहेत आणि फेरी, बस, रेल्वे असं करत सहज बघता येतात. त्या भटकंतीबद्दल हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आम्हाला ती सगळ्यात उपयोगी पडली. लेंकचा विनोद जागेला बांधलेला असतो. पुतळ्याच्या आसपास जी प्रतिष्ठित वास्तू किंवा असामी असते, तिचीच तो खोडी काढतो. ती कोण हे माहीत नसेल, तर हाती उरतात फक्त उघडी माणसं आणि एक फोटो. तेव्हा प्रत्येक ठिकाणी पोचण्याआधी पाच मिनिटं वाचून घ्या.

इम्पेरियाचंच बघा. तिच्यासमोर काठावर एक भलं मोठं जुनं गोदाम आहे, १३८८ सालचं. १४१४ ते १४१८ या काळात कॉन्स्टान्झमध्ये ख्रिस्ती धर्मपरिषद भरली होती. एकाच वेळी तीन जण ‘पोप मीच’ म्हणत होते, तो घोळ सोडवायला. १४१७ मध्ये याच गोदामात मार्टिन पाचवा पोप निवडला गेला. त्याआधी १४१५ मध्ये याच परिषदेनं यान हुस या चेक धर्मसुधारकाला जिवंत जाळलं. एवढे धर्मगुरू आणि सरदार जमले, तशा शेकडो वेश्याही गावात येऊन राहिल्या. त्या काळच्या बखरीत त्यांची नोंद आहे. पुढे १९व्या शतकात बाल्झाक या फ्रेंच लेखकानं या परिषदेवर एक चावट गोष्ट लिहिली, तिची नायिका इम्पेरिया. खरी इम्पेरिया रोमची गणिका, १५१२ मध्ये वारली. म्हणजे परिषदेच्या वेळी ती जन्मलीही नव्हती. लेंकला त्याचं काही नाही. परिषदेच्या चार वर्षांत खरी सत्ता कोणाच्या हातात होती, हे त्यानं अक्षरशः हातावर ठेवून दाखवलंय.

माझे आई-बाबा पुण्याहून उन्हाळ्यात आले होते, त्यांनाही नेलं. आईनं तिची एक फेरी पूर्ण होऊ दिली आणि विचारलं, “अरे, तो मुकुटवाला राजा कळला. हा उंच टोपीवाला कोण?” पोप म्हटल्यावर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “आणि हे इथल्या लोकांनी उभं करू दिलं?”

सहजी नाही करू दिलं. १९९३ च्या एप्रिलमध्ये पुतळा बसला तेव्हा मोठा गदारोळ झाला. धार्मिक मंडळी चिडली, नगरपरिषदेतले काही जण चिडले. पण धक्क्याची ती जागा रेल्वेच्या मालकीची, त्यामुळे गावाला फार काही करता आलं नाही. लेंकचं म्हणणं असं, की हे पोप आणि सम्राट नाहीतच. त्यांची राजचिन्हं पळवलेले दोन विदूषक आहेत. उत्तर वकिली आहे, पण निरुत्तर करणारं. आज तीच बाई गावाची ओळख आहे, कीचेनपासून पोस्टकार्डापर्यंत सगळीकडे. मला विचाराल तर लेंकचं सगळ्यात चांगलं काम हेच. बाकी ठिकाणी तो कधीकधी फार बोलतो.

फोटोसाठी संध्याकाळी जा. बंदर पूर्वेकडे उघडतं, सकाळी गावाकडून बघितलं तर ऊन डोळ्यांवर येतं आणि बाई काळी दिसते. हवा स्वच्छ असेल तर मागे आल्प्स दिसतात. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत इथे धुकं दिवस-दिवस हलत नाही, ते महिने टाळलेले बरे. बंदरातून सुटणाऱ्या बोटी तिच्या अगदी पायाजवळून जातात, तिकडूनही छान दिसते. कॉन्स्टान्झमध्येच लाउबे रस्त्यावर लेंकचं एक कारंजं आहे, इम्पेरियाच्या आधीचं, मोटारवेड्यांची टर उडवणारं. गर्दीच्या रस्त्यावर आहे, पाच मिनिटं पुरतात. शनिवारी स्वित्झर्लंडमधून खरेदीला येणाऱ्यांची झुंबड असते, तेव्हा गाव बघायचं तर मधला वार गाठा.

दुसऱ्या दिवशी तळं ओलांडायचं. गावातून १ नंबरची बस श्टाडच्या धक्क्यावर सोडते. तिथून मेर्सबुर्गला जाणारी, मोटारीही नेणारी फेरीबोट वर्षभर, रात्रंदिवस चालते, पाऊण नाही, पाव तासात पैलतीर. आरक्षण वगैरे काही नाही. मेर्सबुर्गच्या बंदरात लेंकचा २००७ चा ‘जादूचा स्तंभ’ आहे. टोकाला आनेटे फॉन ड्रोस्ट-ह्यूल्सहोफ ही कवयित्री, सीगल होऊन उडतेय. शेवटची वर्षं ती इथल्या किल्ल्यात राहिली आणि १८४८ मध्ये तिथेच वारली. युरो येण्याआधीच्या वीस मार्कांच्या नोटेवर तिचाच चेहरा होता. खाली तिचा मेहुणा, किल्ल्याचा मालक लासबर्ग आहे आणि चुंबकत्वानं रोग बरे करतो म्हणणारा डॉक्टर मेस्मरही, जो १८१५ मध्ये याच गावात मेला. स्तंभ गमतीदार आहे, पण दात नाहीत. इथली सगळी गिऱ्हाइकं मेलेली, त्यामुळे कोणाला चिमटा बसत नाही. मेर्सबुर्गला किल्ला आणि द्राक्षमळ्यांसाठी वेळ द्या.

यूबरलिंगनमध्ये मात्र गिऱ्हाईक जिवंत होतं. मेर्सबुर्गहून तिथे बस जाते, वाटेत पाण्यातल्या खांबांवरची प्रागैतिहासिक घरं लागतात, मुलं असतील तर उतरा. यूबरलिंगनच्या बोटीच्या धक्क्यापाशी, चौकात, एक थकलेला घोडा आहे आणि त्यावर एक जाडजूड भुवयांचा म्हातारा. हा मार्टिन वाल्झर, युद्धोत्तर जर्मन साहित्यातलं मोठं नाव, राहायला याच गावच्या नुसडॉर्फ भागात. विनोद दुहेरी आहे. गुस्टाफ श्वाबची एक जुनी कविता इथे सगळ्यांना शाळेपासून माहीत असते : एक घोडेस्वार बर्फाच्छादित मैदान समजून गोठलेलं तळं पार करतो आणि आपण कशावरून आलो हे काठावर कळल्यावर धक्क्यानं मरतो. लेंकच्या स्वाराच्या पायांत आइस स्केट्स आहेत. म्हणजे पायाखाली बर्फ आहे हे याला पक्कं ठाऊक आहे! पुतळा १९९९ चा. आदल्याच वर्षी वाल्झरनं फ्रँकफर्टच्या पाउल्सकिर्शेत भाषण करून ऑशविट्झ या नाझी छळछावणीचं स्मरण जर्मनांविरुद्ध काठीसारखं वापरलं जातं अशी तक्रार केली होती आणि देशभर वाद पेटला होता. पातळ बर्फावर मुद्दाम निघालेला, पण तयारीनं निघालेला माणूस, असं मी तरी ते वाचलं. आपल्याकडे पुतळ्याला आधी हार पडतो. इथे लेखक हयात असताना गावानं त्याला भर चौकात असा बसवला. वाल्झर २०२३ मध्ये गेला. घोडा आहे तिथेच आहे, आणि त्याच्याभोवती लोक आइस्क्रीम खात बसलेले असतात.

यूबरलिंगनहून राडोल्फत्सेलकडे जाणारी छोटी रेल्वे पकडली की थोड्याच वेळात लुडविग्सहाफेन येतं. (ऱ्हाइनकाठी याच नावाचं मोठं औद्योगिक शहर आहे. तिकीट काढताना ‘बोडन्झे’ जोडलेलं आहे ना ते बघा.) इथल्या जुन्या कस्टम हाउसच्या भिंतीवर २००८ चं ‘लुडविगचा वारसा’ हे मोठं उठावशिल्प आहे. लुडविग म्हणजे बाडेनचा ग्रँड ड्यूक, त्याच्या नावावरून १८२६ मध्ये गावाचं नाव बदललं. त्याच्या वारसदारांत लेंकनं अंगेला मर्केल, गेरहार्ड श्र्योडर आणि आणखी तीन राजकारणी पूर्ण नागडे दाखवलेत आणि हात भलत्याच ठिकाणी आहेत. मर्केल त्या वेळी चॅन्सलर होत्या. पुतळा पाडला गेला नाही, कोणी तुरुंगात गेलं नाही. बाबा बराच वेळ बघत उभे होते. आईनं तळ्याकडे तोंड करून बाक पकडला. वडीलधाऱ्यांना सोबत नेणार असाल तर आधी कल्पना द्या, लहान मुलांचं तुमचं तुम्ही ठरवा. स्थानिक कुटुंबं मुलांना खांद्यावर घेऊन दाखवत होती.

हा भागच असा आहे. जवळच्या श्टोकाख गावात दरवर्षी फास्नाख्टच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, दिवसांत ‘विदूषकांचं न्यायालय’ भरतं आणि एखाद्या बड्या राजकारण्यावर खटला चालवून त्याला वाइनचा दंड ठोठावतं. राजकारणी आनंदानं हजर राहतात. लेंकच्या डोक्यातली विदूषकाची टोपी याच मातीतली आहे. जमलं तर फेब्रुवारीतल्या त्या दिवसांत या, पण राहायची जागा खूप आधी ठरवा.

बोडमान फाट्याच्या टोकाला, लुडविग्सहाफेनच्या समोरच्या काठावर आहे. लेंकच्या घराभोवतीच्या बागेत त्याच्या मूर्ती गर्दीनं उभ्या आहेत, पण हे त्याचं राहतं घर आहे. बाग कधी बघता येते हे पर्यटन कार्यालयात विचारून मगच जा. बस कमी, रविवारी फारच कमी. सायकल भाड्यानं घेतली तर उत्तम, रस्ता सपाट आहे आणि कडेला वेतांचं बन. परतताना लुडविग्सहाफेनहून राडोल्फत्सेल आणि तिथून ‘झेहास’ ही लोकल कॉन्स्टान्झला, साधारण दर अर्ध्या तासानं.

आता किरकोळ. भारतातून येणाऱ्यांना झ्युरिक विमानतळ सगळ्यात सोयीचा, तिथून कॉन्स्टान्झला थेट गाडी आहे आणि शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. स्टुटगार्टच्या मराठी मंडळींनी बाडेन-व्यूर्टेमबर्ग तिकीट काढावं. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर चालतं. हॉटेलात पर्यटन कर भरला की गेस्ट कार्ड मागून घ्या, त्यावर बरेचदा बस फुकट असते. शाकाहारी असाल तर केझश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या इथल्या नूडल्स, मिळतातच. ‘डिनेले’ ही पातळ भाजलेली रोटी मागवताना ‘ओने श्पेक’ म्हणजे डुकराचं मांस नको असं सांगा. मासे खाणाऱ्यांसाठी : मेनूवर ‘फेल्खेन’ दिसला तर तो या तळ्यातलाच असेल असं धरू नका. मासा इतका घटला, की २०२४ पासून तळ्याच्या मुख्य भागात तीन वर्षं त्याच्या मासेमारीवर बंदी घातली आहे. रविवारी दुकानं बंद, सुटे युरो जवळ ठेवा, स्वच्छतागृहांना लागतात.

आणि बर्लिनला जाणार असाल तर रूडी-डुट्श्के रस्त्यावर लेंकचं २००९ चं उठावशिल्प आहे, ‘टात्स’ या डाव्या दैनिकाच्या जुन्या इमारतीवर. त्यात ‘बिल्ड’ या वर्तमानपत्राचे तेव्हाचे संपादक काय डीकमान आहेत. त्यांनी याच दैनिकावर एका अश्लील विनोदावरून दावा लावला होता. दावा कशाबद्दल होता हे भिंतीवर पाच मजले उंच दिसतं. तिथे मात्र आई-बाबांना नेलं नाही.