लाल दिव्याखालची दहा मिनिटे

दुपारी अडीचच्या सुमारास, ओटा आवरून झालेला असतो आणि चहाला अजून अवकाश असतो, तेव्हा मी दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत पाठ टेकते, चष्मा काढून बाजूला ठेवते आणि चेहऱ्यावर एक मुखवटा चढवते. मुखवटा पांढऱ्या सिलिकॉनचा आहे, त्याच्या आतल्या बाजूला मोहरीएवढ्या दिव्यांच्या ओळी आहेत आणि बटण दाबले की त्या सगळ्या एकदम लाल होतात. दिवाळीला आलेल्या लेकीने तो माझ्यासाठी आणला. "आई, आठवड्यातून चार वेळा, दहा-दहा मिनिटे, आणि तीन महिने तरी खंड पडू द्यायचा नाही," असे तिने मला बजावले, आणि सूर अगदी तोच लावला ज्या सुरात मी तिला लहानपणी च्यवनप्राशाबद्दल बजावत असे. सुरकुत्या मऊ होतात म्हणे. माझ्या सुरकुत्यांबद्दल माझी काही तक्रार नव्हती, परंतु आणलेली वस्तू वापरायची नाही ही चैन आमच्या घराण्यात कोणाला परवडलेली नाही.

पहिल्या दिवशी डोळे मिटून बटण दाबले, पापण्यांच्या आत सगळे लाल झाले, आणि मला हायपोचा, म्हणजे फोटो धुताना तो पक्का करणाऱ्या रसायनाचा, वास आला. घरात कोठेही हायपो नव्हता. असण्याचे काही कारणही नव्हते. पण नानांचा फोटो स्टुडिओ होता, कऱ्हाडच्या पेठेत, आणि त्या स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, जिला आम्ही सगळे 'डार्करूम' असेच म्हणत असू, माझ्या लहानपणीच्या कितीतरी दुपारी लाल दिव्याखाली गेल्या. तीन ट्रे, तीन चिमटे, आंबूस वासाचे पाणी आणि भिंतीवर एकच लाल दिवा. नाना एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून पाडणाऱ्या यंत्राखाली, फोटो छापायचा ब्रोमाइड पेपर धरत, तोंडाने आकडे मोजत, आणि मग तो कोरा कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडून ट्रेची एक कड हळूहळू हलवत राहत. मला स्टुलावर उभे राहून पाहण्याची परवानगी होती, बोलण्याची नव्हती. कागदावर आधी केस उमटत, मग भुवया, मग डोळ्यांची बुबुळे, आणि गाल, कपाळ, नाक असे जे काही उजळ असेल ते सगळ्यांत शेवटी, जणू माणूस आतून बाहेर येण्यापूर्वी दाराच्या फटीतून आधी डोकावून घेत आहे.

त्या दिव्याबद्दल नानांनी मला एकच गोष्ट शिकवली होती आणि ती मी आजवर विसरलेले नाही: लाल उजेडात कागदाला काही होत नाही. ब्रोमाइड पेपरला निळा उजेड कळतो, पांढऱ्या उजेडातला निळा अंशही कळतो, पण लाल कळतच नाही. त्याच्या लेखी तो अंधारच असतो. म्हणून तर तो दिवा तेथे चालतो. दार चुकून फटभर उघडले तर अख्खे पाकीट काळे पडे आणि त्या दिवशी घरात कोणीही मोठ्याने हसत नसे, पण लाल दिव्याखाली कागद बराच वेळ उघडा ठेवा, तो कोरा तो कोराच. अशा रीतीने, ज्यात काहीही घडत नाही असा उजेड म्हणजे लाल उजेड, अशी माझी व्याख्या साठ वर्षे पक्की होती, आणि आता मी त्याच उजेडाखाली चेहरा धरून काहीतरी घडण्याची वाट पाहत होते.

डब्यावर ६३० आणि ८३० नॅनोमीटर असे प्रकाशलहरींच्या लांबीचे आकडे छापलेले आहेत. पहिला आकडा डोळ्यांना दिसणाऱ्या लाल रंगाचा. दुसरा त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. लहानपणी गोधडीत शिरून बॅटरीच्या काचेवर तळहात दाबून ज्यांनी आपली बोटे लालबुंद झालेली पाहिली आहेत, त्यांना यातली अर्धी गोष्ट ठाऊकच आहे: निळा, हिरवा उजेड रक्त शोषून घेते, लाल मात्र मांसातून वाट काढत पलीकडे येतो. तो त्वचेत काही मिलिमीटर खोल जातो, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या त्यांच्यातल्या मायटोकॉन्ड्रियांना तेथे तरतरी येते आणि त्वचेला ताठ ठेवणारे कोलॅजन अधिक तयार होऊ लागते, असे मानले जाते. लहान लहान चाचण्यांमध्ये बारीक सुरकुत्या थोड्या कमी झालेल्या दिसल्या आहेत. 'थोड्या' हा शब्द जाहिरातीत नसतो. दवाखान्यातले दिवे जास्त शक्तीचे, घरचे बेताचे, त्यामुळे घरी चिकाटी हवी. हा उजेड उन्हासारखा त्वचा भाजत नाही, हे खरे; पण त्याने 'ड' जीवनसत्त्वही मिळत नाही, ते काम उन्हातल्या अतिनील किरणांचे. मला गालावर थोडा वांग आहे आणि उबेने वांग वाढू शकतो, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच मी सुरुवात केली. काही गोळ्यांनी त्वचेला उजेड सोसत नाही, त्या चालू असतील तर मुखवटा बाजूला ठेवायचा, हेही त्यांनीच सांगितले. चष्म्याच्या दुकानात मिळतो तितका उपदेश फुकट मिळाला आणि मी निश्चिंत झाले.

निश्चिंतपणा फार टिकला नाही, कारण या साऱ्या प्रकाराची सुरुवात कोठे झाली ते मी वाचायला घेतले. बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी १९६७ साली उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून त्यांच्यावर लाल लेसरचा क्षीण झोत सोडला. लेसरने कर्करोग होतो का, एवढेच त्यांना पाहायचे होते. कर्करोग झाला नाही. उलट ज्या उंदरांवर झोत पडला त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर वाढले. हे वाचल्यापासून माझे गालांवरचे लक्ष उडाले असून ते हनुवटीवर केंद्रित झाले आहे. साठीच्या बाईच्या हनुवटीवर अधूनमधून जो एक ताठ, पांढरा, कोणालाही न जुमानणारा केस उगवतो, त्याला हा उजेड मानवला तर काय घ्या! तेव्हा दहा मिनिटे मुखवटा आणि त्यानंतर दोन मिनिटे खिडकीशी आरसा आणि चिमटा, असा माझा क्रम ठरून गेला आहे. आजवर गालांवर काय फरक पडला ते मला सांगता येणार नाही. हनुवटीचा हिशेब मात्र चोख आहे.

एकदा ऐन लाल अवस्थेत दाराची कडी वाजली आणि मी तशीच उठून दार उघडले. भांड्यांच्या मावशी दोन पावले मागे सरकल्या, मग त्यांनी मला नीट न्याहाळले आणि विचारले, "ताई, वेल्डिंगला बसला होता व्हय?" मी त्यांना सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पदराने हात पुसत म्हणाल्या, "तोंडाला काय करायचंय? टाचंच्या भेगा भरतील का यानं?" या प्रश्नाला डब्यावर उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी भांडी झाल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवले आणि मुखवटा उलटा करून त्यांच्या उजव्या टाचेवर टेकवला. पाण्यात, राखेत, फरशीवर तीस-चाळीस वर्षे झिजलेली ती टाच लाल उजेडात उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखी दिसत होती, प्रत्येक भेगेच्या कडा सुट्या सुट्या. पाच मिनिटांनी मावशींनी पाय काढून घेतला. "ऊब बरी वाटती," त्या म्हणाल्या, "पर आमसुलाचं तेल लावल्यालं बरं." त्या गेल्यावर मी मुखवटा पुसून घेतला, पुसताना माझी मलाच थोडी लाज वाटली, तरी पुसला.

उजेडाने त्वचा बरी करण्याचे खरे वेड मात्र मेस्टरच्याही आधीचे आहे. फेरो बेटांवर जन्मलेले आणि कोपनहेगनमध्ये स्थायिक झालेले डॉक्टर निल्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रखर प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या ४३व्या वर्षी, ते वारले. परंतु त्यापूर्वी, १८९३ साली, त्यांनी देवीच्या रोग्यांसाठी एक वेगळाच उपाय सुचवला होता. रोग्याला लाल पडदे, लाल काचा लावलेल्या खोलीत ठेवावे, छायाचित्रकार आपल्या काचा आणि कागद जसे जपतो तसे त्याला बाकीच्या उजेडापासून जपावे, म्हणजे फोड नीट वाळतात आणि चेहऱ्यावर व्रण राहत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे त्यांनाही लाल उजेड हवा होता तो नानांसारखाच, काही होऊ नये म्हणून. पुढे डॉक्टरांनी हा उपाय सोडून दिला आणि देवीचा निकाल लशीनेच लावला. १९७५ नंतर आपल्याकडे देवीचा रोगी आढळला नाही. माझ्या दंडावर देवी काढल्याची खूण आहे. मुखवटा तेथवर पोहोचत नाही.

आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. तिच्या दोन्ही गालांवर खड्डे होते आणि दुपारी ती मला कुशीत घेऊन आडवी झाली की मी ते बोटाने मोजत असे, एखादा दोनदा मोजला गेला तर झोपेतच तिला कळे आणि ती म्हणे, "हा झाला." नानांच्या स्टुडिओत मात्र असे खड्डे भरण्याचे काम रोजचे होते. स्थळाला दाखवायचा मुलीचा फोटो असला की नाना खिडकीशी बसत, पॉलिश पेपरवर घासून पेन्सिलीला सुईसारखे टोक काढत आणि निगेटिव्हवर, जेथे जेथे व्रणाची सावली पडलेली असेल तेथे, इतके बारीक ठिपके देत की कागदावर गाल अगदी नितळ उमटत असे. एकेका चेहऱ्याला तास-तास लागे. आजीने स्वतःच्या फोटोला पेन्सिल लावू दिली नव्हती. "मला आता कोण बघायला येणार आहे?" असे ती म्हणाली होती.

ती गेली त्या वर्षी नानांनी तिचा फोटो मोठा केला. मी स्टुलावर उभी होते. कागदावर आधी केस आले, मग कपाळावरचे गोंदण, मग डोळे, आणि मी गालांची वाट पाहत राहिले. नाना ट्रे हलवत होते, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. बोलण्याची परवानगी नव्हती, तरी मी विचारले, "नाना, आजीचे खड्डे?" त्यांनी चिमट्याने कागद उचलला, निथळू दिला आणि हायपोत सोडला.

तो फोटो माझ्या आरामखुर्चीच्या समोरच्या भिंतीवर आहे. दहा मिनिटे झाली की मुखवटा आपोआप विझतो, आणि इतका वेळ लाल सोसलेल्या डोळ्यांना पहिले काही क्षण सगळी खोली हिरवट दिसते, फोटोसुद्धा. मग रंग जागेवर येतात आणि आजीचे गाल पुन्हा पांढरे, गुळगुळीत होतात. उजव्या गालावर अकरा होते. डाव्याचे मी पूर्ण मोजल्याचे मला आठवत नाही, कारण उजव्या कुशीवर ती क्वचितच झोपत असे.