"जरा मोठ्यानं बोला, तिला कमी ऐकू येतं"

तिला वॉर्डात आणलं तेव्हा मॅनिया ऐन भरात होता. झोप जवळपास नाही, बोलणं थांबत नाही, एका जागी बसणं नाही. बायपोलरचं, म्हणजे मन कधी अति उत्तेजित तर कधी खोल उदास होण्याच्या आजाराचं, निदान जुनं, मधल्या काळात औषधं सुटलेली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर करणारं औषध लिहून केसपेपर सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. विचार चुकीचा नव्हता, तीव्र मॅनियात ते लवकर गुण देतं.

मी तिच्याशी बोलू लागलो, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "डॉक्टर, जरा मोठ्यानं बोला, तिला कमी ऐकू येतं."

वय जेमतेम पस्तीस. "शुगर आहे का हिला?"

"आहे ना. आईलाही होती. आईचे कानही असेच गेले."

मी सही थांबवली. कमी वयात बहिरेपण, मधुमेह, आणि दोन्ही आईच्या बाजूनं आलेले. अशा वेळी मायटोकॉन्ड्रियाची शंका घ्यायलाच हवी. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या घटकाचा स्वतःचा डीएनए असतो. त्यात ३७ जनुकं असतात आणि तो फक्त आईकडून येतो. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, त्यामुळे पुरवठा आटला की झळ त्यालाही बसते. बायपोलरचं मूळ इथे असू शकतं, ही मांडणी जपानमधले तादाफुमी कातो यांनी २००० साली केली. काही रुग्णांच्या मेंदूत फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे ऊर्जेचा राखीव साठा, कमी दिसतो हा त्यामागचा एक आधार. बहुतेक रुग्णांत असा एकच ठळक जनुकदोष सापडत नाही, म्हणून या मांडणीला मी सरसकट उत्तर मानत नाही. पण काही घरांत धागा अगदी स्पष्ट दिसतो.

व्हॅल्प्रोएट मायटोकॉन्ड्रियाच्या कामात अडथळा आणतं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए राखणाऱ्या 'पोल्ग' जनुकात दोष असेल तर यकृत निकामी होऊ शकतं, म्हणून तिथे ते वर्ज्यच. दोष कुठला हे कळेपर्यंत मला ते द्यायचं नव्हतं. किडनीची तपासणी करून लिथियम हे मूड स्थिर करणारं दुसरं औषध सुरू केलं, झोपेसाठी लोराझेपाम. लिथियमचा गुण यायला वेळ लागतो. त्या काळात नर्सेसनी तिला ज्या मायेनं सांभाळलं, त्याला तोड नाही.

रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे पेशींची ऊर्जानिर्मिती बिघडली की साचणारा पदार्थ, वाढलेलं निघालं. तिचं मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन ते आणखी वाढवू शकतं, म्हणून मधुमेहतज्ज्ञांशी बोलून ते बंद केलं आणि इन्सुलिन सुरू केलं. जनुकचाचणीसाठी रक्तासोबत लघवीचाही नमुना पाठवला, कारण वयानुसार रक्तातलं दोषाचं प्रमाण घटत जातं. रक्तात तो पुसट होता, लघवीतल्या पेशींत ठळक. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ३२४३ क्रमांकाच्या जागी 'ए' या अक्षराऐवजी 'जी'. मधुमेह आणि बहिरेपण एकत्र आणणारा हाच तो दोष.

भावानं पहिला प्रश्न केला, "माझ्या मुलांना होईल का?"

"नाही, वडिलांकडून हा दोष पुढे जात नाही. पण आई तुमचीही तीच. तुमची शुगर, कान आणि हृदय तपासायला हवं. आणि ताईंच्या मुलीचंही."

तो लगेच तयार झाला. भाचीला पुढच्या आठवड्यात घेऊन येतो म्हणाला.