बडोद्यात मासळीची सुरुवात खेकड्यापासून करावी

बडोद्यात नव्याने मासळी करू पाहणारी मंडळी पापलेटपासून किंवा कोळंबीपासून सुरुवात करतात आणि खेकडा पाहिला की बिचकतात. माझा सल्ला याच्या नेमका उलट आहे. आपल्या शहराला समुद्र नाही. वेरावळकडची किंवा मुंबईकडची मासळी बर्फात लांबचा प्रवास करून इथे पोहोचते आणि ती पाण्याबाहेर येऊन किती दिवस झाले, हे नवख्या डोळ्यांना कळत नाही. खेकडा मात्र जिवंत विकला जातो. खाडीच्या चिखलात वाढणारा, जाड नांग्यांचा हिरवट-काळा खेकडा ओलसर आणि गार ठेवला, तर पाण्याबाहेरही काही दिवस तग धरतो, म्हणून त्याच्या ताजेपणाविषयी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

बाजारात त्याला ‘करचलो’ म्हणून मागावे. नांग्या सुतळीने बांधलेल्याच घ्याव्यात आणि काडीने डोळ्यांना हलकेच स्पर्श करून तो ते चटकन आत घेतो का, हे पाहावे. मेलेला खेकडा फार लवकर नासतो, तेव्हा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्यानंतर दोन-तीन खेकडे हातात तोलून पाहावेत. नुकतीच कात टाकलेला खेकडा दिसायला मोठा असला तरी आतून पाणचट असतो. पोटाकडचे कवच पायांच्या मुळाशी दाबल्यावर दबले, तर तो परत ठेवावा. पोटावरची झडप अरुंद आणि त्रिकोणी असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. नांग्यांतल्या मांसासाठी मी नर घेते आणि लाखेसाठी, म्हणजे आतल्या नारिंगी अंड्यांच्या गोळ्यासाठी, मादी.

पहिल्यांदा मी चार खेकडे आणून रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवले होते. सकाळी त्यांतले दोन मेलेले निघाले आणि ते टाकून देताना फार वाईट वाटले. बादलीतल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो, हे मालवणच्या आत्याने नंतर समजावले. ओल्या गोणपाटात गुंडाळून गार जागी ठेवणे हाच योग्य मार्ग, आणि शक्यतो त्याच दिवशी शिजवावे.

साफ करण्यापूर्वी खेकडे अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवावेत, म्हणजे ते बधिर होतात आणि त्यांना यातनाही कमी होतात. हालचाल पूर्ण थांबल्याशिवाय सुतळी कापू नये. खेकडा उताणा करून पोटावरची झडप उचलावी, तिच्याखाली सुरीचे टोक ठामपणे दाबावे आणि मग पाठीचे कवच ओढून वेगळे करावे. दोन्ही बाजूंचे बोटांसारखे राखाडी कल्ले आणि तोंडामागची पिशवी काढून टाकावी. नारिंगी लाख मात्र जपून ठेवावी. बारीक पाय टाकून देऊ नयेत. ते थोड्या पाण्यात वाटून, कवचाचा कण राहणार नाही असे गाळून, तो रस रश्शात घालावा. आत्याच्या रश्शाची खरी चव त्यातच आहे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, मालवणी मसाला आणि शेवटी कोकम एवढे पुरते. उष्णतेने कवचातले प्रथिनांशी बांधलेले रंगद्रव्य मोकळे होऊन खेकडा नारिंगी होतो. मात्र रंग बदलताच आच बंद न करता पंधरा-वीस मिनिटे शिजवावे. कवचाच्या मासळीची काहींना ॲलर्जी असते, म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडेच खाऊन पाहावे.

एकदा खेकडा जमला की बर्फातली मासळी पारखणे सोपे जाते. माशाचे कल्ले लाल असावेत आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे. कोळंबीचे डोके घट्ट असावे, आणि साफ करताना पाठीतला काळा दोरा काढावा. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ असे कोणी म्हणाले, तरी मी कल्ले उघडून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही.