प्रयोगशाळेमागची लाजाळू

हात लावला की लाजाळूची पानं मिटतात, हे कोकणातलं पोर शाळेत नाव घालायच्या आधीच शिकलेलं असतं. त्यापुढचं मात्र आम्हाला आमच्या शास्त्राच्या सरांनी दाखवलं.

प्रयोगशाळेमागे गडग्यालगत तिचा दाट पट्टा होता. मूळची ही अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण आमच्याकडे पावसाळा लागला की गुलाबी गोंड्यांसकट पार पाणंदीपर्यंत पसरायची. सर आम्हाला तिथे उकिडवं बसवत. "हात मागे. आता नुसतं बघा." मग एका काडीच्या टोकाची पर्णिकांची शेवटची जोडी चिमट्यात हलकेच दाबत. जोड्या एकेक करून मिटत देठाकडे यायच्या. तिथून शेजारच्या काड्यांवरही तेच सुरू व्हायचं, पण उलट, बुडाकडून टोकाकडे. शेवटी अख्खं पान मान टाकायचं. ज्या पर्णिकांना कोणी शिवलंच नाही, त्यांना कसं कळलं? इतका सुंदर प्रश्न मला पुढे कॉलेजातही कोणी घातला नाही.

सर लगेच उत्तर देत नसत. आधी देठाच्या बुडाशी असलेला फुगीर सांधा भिंगातून दाखवत. स्पर्शाचा निरोप विजेच्या रूपानं तिथे पोचतो, सांध्याच्या खालच्या अंगातल्या पेशींतून पोटॅशियम आणि पाठोपाठ पाणी बाहेर पडतं, तो भाग सैल होतो आणि पान खाली येतं. जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः घडवलेल्या यंत्रांवर याच झाडाच्या हालचाली टिपल्या, हे सांगताना सरांचा आवाज भरून यायचा.

पानं रात्रीही मिटतात. १७२९ साली मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञानं असं झाड अंधारात ठेवून पाहिलं होतं. ते लाजाळूच असावं असं मानतात. आम्हीही एक कुंडी प्रयोगशाळेच्या कपाटात बंद केली. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर दार अलगद उघडलं, तर त्या मिट्ट काळोखात पानं उघडलेली! झाडाला आतूनच वेळ कळते, हे पुस्तकात वाचून इतकं पटलं नसतं.

आता त्या जागी पेव्हर ब्लॉक बसवणार असल्याचं ऐकलं. संस्थेला कळकळीची विनंती, गडग्यालगतची दोन हात माती तेवढी मोकळी ठेवा. आठवीच्या वर्गासाठी भिंगं मी या लेखासोबतच पाठवत आहे.